आठ दिवस रामलालच्या हातावर

आर्णीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला चिकटून रामलाल राठोडचं घड्याळ दुरुस्तीचं. दुकान म्हणजे साडेतीन फुटांची काचेची पेटी, एक स्टूल आणि डोक्यावर लोंबणारा दिवा. सव्वीस वर्षं आमची भिंत एक आहे. म्हणून मी लिहितोय ते ऐकीव नाही. बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्या वेळी मी तोंड उघडलं नाही याचा मला अजून राग येतो. स्वतःचाच.

रामलाल बंजारा समाजाचा, इथून सहा किलोमीटरवरच्या तांड्यात राहणारा. तिथं त्याचं चार एकर शेत आहे, कापूस आणि तूर. ते त्याची बायको रुपीबाई बघते. हा सकाळी मोटरसायकलवर येतो, डोळ्याला भिंग लावतो आणि संध्याकाळपर्यंत मान वर करत नाही. मी दिवसभरात जेवढा बोलतो तेवढा तो अख्ख्या पावसाळ्यात बोलत नसेल. माझी बायको वच्छलाबाई म्हणते, असा शेजारी मिळाला म्हणून तुमचं दुकान टिकलं, दुसरा कधीच भांडून गेला असता.

त्याची एक पद्धत होती. सेलचं घड्याळ तो सेल बदलून लगेच देई. चावीचं एक दिवस ठेवून घेई. पण ऑटोमॅटिक दुरुस्तीला आलं की आठ दिवस मिळत नसे. ऑटोमॅटिकला सेल नसतो, रोज चावीही द्यावी लागत नाही. आत अर्धचंद्राच्या आकाराचं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि त्यानं कमानीला, म्हणजे आतल्या स्प्रिंगला, पीळ बसतो. हातावर आहे तोवर घड्याळ चालतं, काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांनी गप्प. आता असं घड्याळ नीट झालं की नाही हे पेटीत ठेवून कळायचं कसं? म्हणून रामलाल ते स्वतःच्या हातावर बांधायचा. त्या हातानं मोटरसायकल चालवायचा, कापूस वेचायचा, विहिरीवर पाणी ओढायचा, झोपायचा. तांड्याच्या रस्त्यावर जे घड्याळ आठ दिवस टिकलं ते कुठंही टिकेल, असं त्याचं म्हणणं. कधी डाव्या हातावर दोन आणि उजव्यावर एक अशी तीन-तीन बांधलेली असायची. मी चिडवायचो, का हो नवरदेव, वरात कधी? तो तिन्ही घड्याळांत बघून शांतपणे सांगायचा, एक चाळीस.

गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ लोक बिनधास्त त्याच्या हातावर सोडून जात. कुणी विचारलं, काय रामलाल, नवी घेतली का, तर तो लगेच मालकाचं नाव सांगायचा. दुसऱ्याची वस्तू अंगावर असताना ती आपली आहे असं कुणाला क्षणभरही वाटू नये, ह्या बाबतीत तो फार कडक होता. फक्त एका घड्याळाच्या वेळी मालकाचं नाव सांगताना तो जरासा हसायचा. ते धरमसिंगचं.

धरमसिंग त्याच्याच तांड्यातला, त्याच्याच वयाचा. दोघं एका आश्रमशाळेत शिकले, एका ताटात जेवले. बारावीनंतर रामलाल आर्णीत एका म्हाताऱ्या उस्तादाकडे घड्याळाचं काम शिकायला बसला आणि धरमसिंग पुढं शिकायला यवतमाळला गेला. तिकडून त्याला नोकरीच्या लेखी परीक्षेसाठी अमरावतीला जायचं होतं. हातावर घड्याळ नाही, पेपरात वेळेचा अंदाज येत नाही, म्हणून रडकुंडीला आला होता. रामलालनं त्या दिवसांत उस्तादाच्या भंगारातल्या तीन बंद घड्याळांचे भाग जुळवून एक चालू केलं होतं. त्याच्या हातून चालू झालेलं पहिलं घड्याळ. ते त्यानं धरमसिंगला बांधलं. बसमध्ये चढता चढता धरमसिंग म्हणाला, भिया, नोकरी लागू दे, तुझ्या हातावर घड्याळ मी बांधीन.

नोकरी लागली. तांड्यात सत्कार झाला, तेव्हा धरमसिंगनं भाषणात सांगितलं की रामलालच्या घड्याळानं मला पास केलं. रामलालनं ही गोष्ट मला वीस वेळा तरी सांगितली असेल. पुढं धरमसिंग मोठा इंजिनियर झाला, पुण्यात बंगला झाला. दिवाळीला तांड्यात यायचा, दुकानासमोर गाडी उभी करून रामलालशी चार शब्द बोलायचा. घड्याळाचं त्यानं काढलं नाही आणि रामलालनंही कधी आठवण दिली नाही. मी एकदा म्हणालो, अरे, विचार की. तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग दहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत धरमसिंग आला आणि गाडीतून उतरून स्टुलावर बसला. त्याच्याकडे तोवर तीन ऑटोमॅटिक घड्याळं झाली होती. हात दोन, त्यातून बांधायचा एकावरच, तर बाकीची कपाटात बंद पडायची. त्यातलं एक, स्टीलचं, निळ्या तबकडीचं, त्यानं खिशातून काढलं आणि विचारलं, हे असं बंद राहून खराब होईल का? रामलालनं खरं ते सांगितलं. बंद पडल्यानं घड्याळाचं काहीच बिघडत नाही, झोपू दे त्याला, घालायचं असेल त्या दिवशी वीसेक वेळा चावी फिरव आणि वेळ लाव. धरमसिंगनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू दे बे. कपाटात पडल्यापरीस तुह्या हातावर राहू दे. चालू राहीन." असं म्हणून त्यानं ते घड्याळ स्वतःच्या हातानं रामलालच्या मनगटावर बांधलं.

गाडी गेल्यावर रामलालनं दुकान बंद केलं. दुपारचे तीन वाजले होते. इतक्या वर्षांत मी त्याला एवढ्या लवकर दुकान बंद करताना पाहिलं नव्हतं. कुलूप लावता लावता म्हणाला, "त्यानं शब्द पाळला, मारोतभाऊ. घे म्हणला असता तं मी घेतली नसती, हे त्याले मालूम हाय. म्हणून चालू ठेवाले म्हणून देल्ली."

आणि मलाही ते पटलं. मी इतका बोलणारा, माणसं ओळखतो म्हणून मिरवणारा, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट धरमसिंगबद्दल माझं मत सुधारलं. देण्याची किती चांगली रीत, घेणाऱ्याची मान खाली जायला नको, असं मी वच्छलाबाईला त्या दिवशी सांगितल्याचं मला आठवतं.

नऊ वर्षं ते घड्याळ रामलालच्या डाव्या हातावर राहिलं. गिऱ्हाइकांची घड्याळं सगळी उजव्यावर गेली. दर तीन वर्षांनी तो ते उघडून साफ करायचा, तेल द्यायचा. घड्याळवाल्यांची एक रीत असते, काम केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक तारीख आणि आपली खूण कोरायची. पुढं ज्याच्या हातात ते जाईल त्याला कळावं की आधी कुणी, कधी उघडलं होतं. अशा तीन तारखा त्या झाकणात होत्या. दर दिवाळीला धरमसिंग यायचा, रामलाल डावा हात पुढं करायचा. चालू हाय न, धरमसिंग विचारायचा. चालू हाय, रामलाल सांगायचा, आणि दोघं हसायचे. मी बाजूला उभा राहून हसायचो.

गेल्या फेब्रुवारीत धरमसिंगच्या मुलीचं, रंजिताचं, यवतमाळला लग्न झालं. मोठं लॉन, गालिचे, चार प्रकारचे भात. तांड्यातले लोक एका ट्रॅव्हल्समधून आले होते, त्यात रामलाल आणि रुपीबाई होते, आणि रामलालच्या आग्रहानं मीही. रामलालनं नवा सफारी शिवला होता. बाही मनगटाच्या वर राहील अशी शिवायला त्यानं टेलरला सांगितलं होतं. हे मला माहीत आहे, कारण टेलर माझ्याच ओळखीचा.

जेवणानंतर आम्ही धरमसिंगला भेटायला गेलो. तो नवरदेवाकडच्या पाहुण्यांत उभा होता, पुण्याचे लोक, सगळे हुद्द्याचे. त्यातल्या एकाला घड्याळांचा नाद असावा. त्यानं रामलालचा हात बघितला, मग रामलालला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, वा, हे मॉडेल तर आता मिळतही नाही. रामलालनं नेहमीसारखं हसून धरमसिंगचं नाव सांगायला तोंड उघडलं. पण धरमसिंगनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "माझंच आहे ते. बंद पडू नये म्हणून याच्या हातावर ठेवलंय. हा आमचा वाइंडर."

सगळे हसले. मला वाइंडर म्हणजे काय ते तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. धरमसिंगचा मुलगा राजकुमार बाजूलाच होता, त्यानं हौसेनं समजावून सांगितलं. लाकडी पेटी असते, आत छोटी मोटर, तिच्यावर घड्याळ अडकवायचं, ती दिवसभर हळूहळू फिरवत राहते, म्हणजे न घालता घड्याळ चालू राहतं. त्यानं वडिलांसाठी तसली तीन घड्याळांची पेटी मागवली होती. धरमसिंग रामलालकडे वळला. "तूच सांग, तू यातला माणूस. वाइंडरमध्ये ठेवावं की नाही?"

रामलालचा चेहरा मी बघत होतो. आमचा वाइंडर हे शब्द त्याला कळले होते. तरीही प्रश्न घड्याळाचा होता आणि घड्याळाबद्दल विचारलं तर तो खरंच सांगतो, मग समोर कुणी असो. तो म्हणाला की गरज नाही. तारीख-वार-चंद्र असं सगळं दाखवणारं, पुन्हा लावायला त्रासाचं घड्याळ असेल तर पेटीचा उपयोग. साधं असेल तर उगाच दिवसभर फिरवून आतले भाग कशाला झिजवायचे, तेल कशाला खर्ची पाडायचं. बंद राहू द्यावं. नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

"तू तर नाहीच म्हणणार," धरमसिंग म्हणाला आणि पाहुण्यांकडे बघून डोळा मिचकावला. "मग तुझ्या हातावर काय राहील?"

पुन्हा सगळे हसले. हे दोघं एकमेकांशी कायम गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायचे, फार तर आपल्या वऱ्हाडीत. हे वाक्य धरमसिंगनं त्या पाहुण्यांसाठी त्यांच्या मराठीत म्हटलं होतं. रामलालनं तिथंच उभ्या उभ्या पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं. अरे, आत्ताच कशाला, असं म्हणत धरमसिंगनं ते कोटाच्या खिशात टाकलं. रुपीबाई माझ्या मागं उभी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली की चला, गाडी लागली.

परतीच्या वाटेवर मी दारव्हा नाक्यापासून धरमसिंगला शिव्या देत होतो. रामलाल खिडकीतून बाहेर बघत बसला होता. आर्णी जवळ आल्यावर म्हणाला की चूक धरमसिंगची नाही, त्यानं कधी देतो म्हटलंच नव्हतं. खरं होतं ते. म्हणूनच मला जास्त चीड आली. फसवणाऱ्यानं फसवलं तर माणूस त्याला धरतो तरी. इथं रामलालनं नऊ वर्षं एका वाक्यात स्वतःच अर्थ भरला होता, आणि धरमसिंगनं तो अर्थ चार परक्या माणसांसमोर ओतून दिला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे लिहिलं नसतं. एप्रिलमध्ये, भर उन्हाचा, धरमसिंग गाडी घेऊन दुकानासमोर आला. काखेत ती काळी पेटी. पुण्याहून तांड्यातल्या कार्याला आलो होतो म्हणाला, आणि पेटी काउंटरवर ठेवून झाकण उघडलं. तीन घड्याळं, तिन्हींना मखमलीची गादी. दोन चालू होती. निळ्या तबकडीचं बंद.

तो म्हणाला की पेटीत ठेवून रात्रंदिवस फिरतं, तरी हे एकच दोन दिवसांत थांबतं. बाकीची चालतात. पुण्यात एका घड्याळवाल्याला दाखवलं, त्याला उघडू मात्र दिलं नाही. तो म्हणाला, आतलं काहीतरी बदललं असेल. मग धरमसिंगनं आवाज थोडा खाली आणला. "राग मानू नकोस. विचारायचं म्हणून विचारतो. साफ करताना आतला एखादा पार्ट बदलला होतास का?"

घड्याळवाल्याला चोर म्हणायची हीच भाषा असते. चांगला पार्ट काढून घेतला, हलका टाकला. माझ्या हातात कुणाच्या तरी सातबाऱ्याचे कागद होते, ते तसेच राहिले. मला वाटलं आता रामलाल पेटी उचलून रस्त्यावर फेकेल, आणि फेकली असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यानं निळ्या तबकडीचं घड्याळ उचललं, मागचं झाकण काढलं आणि भिंग धरमसिंगच्या हातात दिलं.

आधी त्यानं झाकणातल्या तारखा वाचायला लावल्या. तिन्ही. मग चिमट्याच्या टोकानं एकेक भाग दाखवला, आणि ज्यांच्यावर कंपनीची खूण असते त्यांच्यावर ती खूण दाखवली. धरमसिंग घाईनं म्हणाला, ठीक आहे रे, ठीक आहे. रामलालनं त्याला सोडलं नाही. सगळे भाग बघून होईपर्यंत भिंग डोळ्यावरून काढू दिलं नाही. मग घड्याळ उघडं असतानाच त्यानं आतलं वजन बोटानं एका बाजूला फिरवलं. नुसतं फिरलं. दुसऱ्या बाजूला फिरवलं, तेव्हा खालचं चाक हललं. हे घड्याळ एकाच बाजूनं पीळ घेतं. माणसाचा हात दोन्हीकडे हलतो, म्हणून हातावर काही अडलं नाही.

"तुहं मशीन उलटं फिरून राह्यलं," रामलाल म्हणाला. पेटीच्या मागं एक बारीक बटण होतं. ते त्यानं दुसरीकडे सरकवलं. घड्याळाचं झाकण बंद केलं, अडकवलं, आणि पाच-दहा मिनिटांत काटा चालायला लागला. झाकणात या वेळी त्यानं तारीख कोरली नाही.

धरमसिंग मोकळा हसला. एकदम जुन्या सुरात आला, वऱ्हाडीत बोलायला लागला. म्हणाला, पुण्यात एकालाही कळलं नाही, तूच खरा कारागीर. मग म्हणाला, एक काम कर, ही ठेव तूच, बांध पहिल्यासारखी, पेटीत दोन राहतील. रामलालनं नको म्हणून मान हलवली. पेटी बंद करून त्याच्याकडे सरकवली आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट काढली.

"अमरावतीले जाताना तुले माही घडी देलती," तो म्हणाला. "तेवढी वापस दे. कुठी हाय?"

धरमसिंगला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तो पुन्हा हसला, त्यात लाज नव्हती, लबाडीही नव्हती. "ते व्हय? ते तं पेपरच्या दिवशीच बंद पडलती बे, अर्ध्या पेपरात. बसस्टँडवर फेकून देल्ली. भंगारच होती न ते."

गल्लीत त्या वेळी ऊन एवढं होतं की एक कुत्रंही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तांड्यातला तो सत्कार आला, मी कधी न पाहिलेला, फक्त ऐकलेला. रामलालच्या घड्याळानं मला पास केलं. चौतीस वर्षं हा माणूस त्या वाक्यावर जगला, त्या वाक्याच्या जोरावर या स्टुलावर बसला, आणि ते वाक्य भाषणात टाळ्या घ्यायला म्हटलेलं होतं.

रामलाल टेबलावरचे स्क्रू एकेक करून डबीत ठेवत होता. "फेकाले नाई पायजे होती," तो म्हणाला. "मले आणून द्याची. मी दुरुस्त करून देल्ली असती."

एवढ्या जुन्या गोष्टी काय घेऊन बसतो, असं काहीतरी धरमसिंग म्हणाला, पेटी काखेत मारली आणि गेला. त्यानंतरच्या दिवाळीला त्याची गाडी गल्लीतून गेली, पण थांबली नाही. रामलालनं मान वर केली नाही.

एप्रिलमध्ये धरमसिंग पेटी घेऊन गेला, त्याच आठवड्यात रामलालनं एक यंत्र बनवलं. गणपतीच्या सजावटीत मूर्तीमागं जे चक्र फिरतं, त्याची मोटर माझ्या माळ्यावर पडून होती, ती त्यानं मागून नेली. तिच्यावर लाकडाची फळी बसवली, फळीला रबराचे पट्टे. बटण दाबलं की ती एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते. दुरुस्त झालेली ऑटोमॅटिक घड्याळं तो आता तिच्यावर अडकवतो. त्याच्या दोन्ही मनगटांवर काही नसतं. वेळ बघायची झाली तर माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

परवा उकंडा आला होता, फुलसावंगीकडचा, जुनं गिऱ्हाईक. घड्याळ देताना सवयीनं म्हणाला, आठ दिवस बांधा हातावर, मग नेतो. रामलालनं त्याला फिरती फळी दाखवली आणि तीन दिवसांनी यायला सांगितलं. उकंडा थोडा हिरमुसला होऊन गेला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, रामलाल, लग्नात एवढ्या लोकांपुढं तू मशीन नको म्हणून सांगितलंस, आणि आता स्वतःच मशीन लावून बसलास?

त्यानं भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकाला पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

"हातावर बांधली का माणूस आपली समजते, मारोतभाऊ," तो म्हणाला.